बिननावाचा गाळ

यंत्राच्या पडद्यावर एकशे सतरा हा आकडा उमटला तेव्हा मृणाल मुसळेला आधी राग आला. यंत्राचा नव्हे, सख्ख्या भावाचा. "आता तरी पुरे कर की रे दादा," ती रिकाम्या प्रयोगशाळेत मोठ्याने म्हणाली. मग हे शक्यच नाही, असं तिच्या लक्षात आलं आणि ती खुर्चीत बसली.

एकशे सतरा म्हणजे कुरवळीतल्या मुसळे डाईंगचं तोंड. कारखान्याचं, गटाराचं, गोठ्याचं पाणी खडवी नदीत जिथून उतरतं, त्या जागेला खोऱ्यात तोंड म्हणत. मुसळ्यांचं तोंड खोरे सभेने वर्षापूर्वी सिमेंट ओतून बुजवलं होतं. डाईंगला कुलूप होतं. आणि मालक, म्हणजे मृणालचा थोरला भाऊ सुजित, सोलापुरात दुसऱ्याच्या टॉवेल कारखान्यात रंगमास्तर म्हणून नोकरी करत होता. वर्षभरात तो बहिणीशी एक अक्षर बोलला नव्हता.

तरी खात्री केलेली बरी म्हणून मृणाल स्कूटर काढून नदीवर गेली. सिमेंट जसंच्या तसं होतं. कडेने घाणेरीचं झुडूप माजलं होतं आणि खालची माती कोरडीठाक होती. या तोंडातून वर्षभरात थेंब पडला नव्हता, आणि तरी त्या तोंडाचं पाणी नऊ किलोमीटर खाली बंधाऱ्यावर सापडत होतं. म्हणजे गोम दुसरीकडेच होती.

आता हे मोहरेचं प्रकरण सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

खडवी काही फार मोठी नदी नाही. पण तिच्या काठी त्रेचाळीस गावं, एक साखर कारखाना, दोन दवाखाने आणि कुरवळीतली साठ डाईंगं. पूर्वी नदीला फेस आला की साखर कारखाना डाईंगवाल्यांकडे बोट दाखवायचा, डाईंगवाले नगरपालिकेकडे, नगरपालिका वरच्या गावांकडे, आणि वरची गावं हात वर करायची. सगळ्यांचं पाणी एकमेकांत मिसळलेलं, त्यामुळे कुणाला खोटं पाडायची सोय नव्हती. नोटिसा निघायच्या, सुनावण्या व्हायच्या, स्थगिती यायची. पाणी होतं तसंच काळंनिळं वाहायचं.

मोहर आली आणि ही बोटं खाली झाली. मोहर म्हणजे काचेचा कण, इतका बारीक की केसाच्या जाडीत असे कित्येक मावतील. कणाच्या पोटात डीएनएचा छोटा तुकडा. हा डीएनए कुठल्या प्राण्याचा नाही. प्रयोगशाळेत अक्षरामागे अक्षर जुळवून बनवलेला. त्याची चार रासायनिक अक्षरं हवी तशी मांडता येतात, म्हणून प्रत्येक तोंडाला आपला वेगळा नंबर देता येतो. तोंडापाशी बसवलेल्या डबीतून, पाणी सुटेल त्या प्रमाणात हे कण सुटतात आणि रंगाला, धातूला, मैल्याला चिकटून नदीत जातात. खाली बंधाऱ्यावर घागरभर पाणी घ्यायचं, काच विरघळवायची, आतली अक्षरं वाचायची, की कुणाचा वाटा किती ते टक्क्यांत समजलं. कणांचा अपाय काही नाही. वाहत्या पाण्यात दोनशे दिवसांत काच आपोआप विरते, त्यामुळे जुनं पाणी नव्या माणसाच्या माथी यायचं कारण नाही. निदान माहितीपत्रकात तसं छापलं होतं.

या मोहरेच्या जोरावर खोरे सभा उभी राहिली. एकशे चौसष्ट तोंडं, तेवढेच सभासद. दंड नाही की पोलीस नाहीत. एकूण घाण महिन्याच्या मर्यादेबाहेर गेली, की वरच्या धरणातून येणारी पाण्याची पाळी साऱ्या खोऱ्यासाठी एक दिवसाने कमी. मग ज्याचा वाटा मोठा, त्याला बाकीच्यांनी काय ते विचारावं. पहिल्या वर्षी साखर कारखान्यापायी पाळी गेली तेव्हा गावोगावची माणसं कारखान्याच्या फाटकावर जाऊन नुसती बसली. घोषणा नाहीत, काही नाही. चौथ्या दिवशी कारखान्याने नवी टाकी बांधायला घेतली.

सभेच्या दोन पद्धती होत्या. एक अशी, की मोहरदार, म्हणजे मृणाल, फक्त एकूण आकडा सांगणार; आपापला आकडा ज्याने त्याने उभं राहून वाचायचा. अध्यक्ष विचारणार, "मान्य?" वाचणाऱ्याने "मान्य" म्हणायचं आणि बसायचं. दुसरी अशी, की कुणाचाही वाटा निम्म्यावर गेला तर नमुना पुन्हा वाचायचा, मात्र तो माणूस मोहरदाराच्या नात्यातला असेल तर तिने त्याला दुसऱ्यांदा हात लावायचा नाही. ही दुसरी पद्धत खुद्द मृणालनेच सुचवली होती. उद्या कुणी म्हणायला नको, भावासाठी आकडे फिरवले. पण मोहर वाचणारं खोऱ्यात तिच्याशिवाय दुसरं कुणीच नाही, मग तो नमुना पुन्हा वाचणार कोण, हे त्या दिवशी एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

मागच्या फेब्रुवारीत नेमकं तेच झालं. बंधाऱ्यात भोई समाजाने दोन लाख बोटुकली सोडली होती, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं. वीस वर्षांत पहिल्यांदा. धरणाचं पाणी सुटलं आणि दोन दिवसांत सगळी पांढरी पोटं वर करून तरंगायला लागली. पाण्यात क्रोमियम सापडलं. वाटा निघाला एकशे सतराचा, बासष्ट टक्के.

सभेत सुजित उभा राहिला. त्याने आकडा वाचला. त्याचा आवाज स्वच्छ होता. अध्यक्षा शालनआक्का भोईंनी विचारलं, "मान्य?"

"मान्य नाही," सुजित म्हणाला. "मी सोडलेलं नाही."

चार वर्षांत हा शब्द सभेने ऐकलाच नव्हता. मग दुसऱ्या रांगेतून टेकेअण्णा उठले. कुरवळीतलं सगळ्यात मोठं डाईंग त्यांचं. "अरे, मोहर काय खोटं बोलते का? एका माणसापायी सगळ्यांची पाळी गेली, वर तोंड करून नाही म्हणतोय!" सभेने मृणालकडे बघितलं. ती म्हणाली, "यंत्र ठीक आहे," आणि मान खाली घालून कागदावर सही केली. महिन्याभरात सुजितने डाईंगच्या किल्ल्या शेजाऱ्याकडे दिल्या आणि गाव सोडलं.

तर आता, वर्षाने, तोच नंबर पुन्हा पडद्यावर होता.

मृणालने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी प्लंबिंगचा लांब पाइप घेऊन गावच्या पुलाखालच्या डोहावर गेली. मागच्या वर्षी जानेवारीत, बोटुकली मरायच्या आधी, सभेने याच डोहातला गाळ पोकलेन लावून काढला होता. सल्ला तिचाच होता. डोह खोल होईल, पाणी खेळतं राहील, मासे वर चढतील, असं तिने लेखी दिलं होतं. तिने काठाशी उरलेल्या गाळात पाइप उभा ठोकला, वर ओढला आणि आतला गाळ उसाच्या कांड्यासारखा अख्खा बाहेर काढून थराथराने तपासला.

वरच्या थरात सगळ्या तोंडांच्या मोहरा होत्या. हातभर खाली मात्र एकच होती, एकशे सतरा. काच शाबूत. खाली हवा नाही, प्रवाह नाही, तिथे ती विरणार कशी? तिने अक्षरांची शेवटची ओळ उघडली, जिच्यात मोहर कधी बनवली ते लिहिलेलं असतं. यंत्र ही ओळ आपण होऊन दाखवत नाही. दुसऱ्या वाचनाला ती हाताने उघडावी लागते. मोहर सहा वर्षांपूर्वीची होती. चाचणीच्या वर्षाची.

सभा व्हायच्या आधी एक वर्ष मोहरेची नुसती चाचणी झाली होती. त्या वर्षी साठ डाईंगवाल्यांना विनंती केली होती, की कुणीतरी आपल्या तोंडावर डबी बसवून घ्या. एकोणसाठ जणांनी साफ नकार दिला. "आपण होऊन हातात बेड्या घालून घेतोस होय रे?" असं टेकेअण्णांनी सुजितला चारचौघांत विचारलं होतं. सुजितने डबी बसवून घेतली. बहिणीने सांगितलं होतं म्हणून, आणि त्याला पटलं होतं म्हणूनही.

त्या वर्षी साठही डाईंगांनी नदीत घाण सोडली. डोहात सगळ्यांचीच बसली. पण नाव फक्त एकाच्या घाणीवर होतं. पोकलेनने तळ ढवळला, धरणाच्या पाण्याने तो खाली नेला, आणि यंत्राने आपलं काम चोख केलं: ज्या घाणीवर नाव होतं तेवढीच मोजली, आणि बिननावाची सोडून दिली. यंदा पुन्हा पाणी सुटलं, पुन्हा तोच गाळ हलला.

मृणाल गाळाने भरलेल्या हातांनी तशीच काठावर बसली. तिला रडू आलं नाही. फक्त, मागच्या वर्षी ती एक ओळ उघडायला आपल्याला पाच मिनिटं लागली असती, हे तिला राहून राहून आठवत होतं. पक्षपात नको म्हणून तिने ती पाच मिनिटं भावाला दिली नव्हती. साठ जणांत कुणीही परका असता तर त्याला मिळाली असती.

शालनआक्कांनी सगळं ऐकून घेतलं. बाई साठी उलटलेल्या, हातात निवडायला घेतलेली मेथी तशीच राहिली.

"सनद कधी संपतिया?" त्यांनी विचारलं.

"सतरा दिवसांनी."

सरकारने सभेला पाच वर्षांची सनद दिली होती. ती पुढे चालू राहायची तर मागच्या दोन वर्षांची वाचनं बरोबर असल्याचा दाखला मोहरदाराच्या सहीने जायला हवा होता. नाहीतर सभा बरखास्त, आणि नदी पुन्हा नोटिसा आणि तारखांच्या हवाली.

"बघ बाई," आक्का म्हणाल्या, "सुजितचं मलाबी वाईट वाटतंय. माझीच बोटुकली मेली म्हणून मी त्याला लई बोलले. खरं यंदा माझी पन्नास घरं जाळी घेऊन पाण्यात उतरल्यात. तू जाऊन म्हणणार, यंत्र चुकलं. सायेब लोक तेवढंच ऐकणार. पुढचं कोण ऐकतंय? सनद हातात पडू दे. दुसऱ्या दिवशी मी सोता सोलापूरला जाते, त्याच्या पाया पडते."

"आणि दाखल्यावर सही?"

"कर की. वर्षभर बंद हाय त्याचं तोंड. आणखी सतरा दिवसांनी काय बिघडतंय?"

आक्का वाईट बाई नव्हत्या, हे इथे सांगून ठेवलं पाहिजे. त्यांचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. खरंच काय बिघडणार होतं? ती "बघते" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सोलापूरची एसटी धरली.

सुजित तिला कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर भेटला. हाताला निळा रंग होता, कोपरापर्यंत. पूर्वीपेक्षा बारीक झाला होता. तिने कागदावर थर काढून दाखवले, तारखा सांगितल्या.

"म्हणजे तू दुसऱ्यांदा वाचलंच नव्हतंस," शेवटी तो म्हणाला.

"नियम होता दादा."

"कुणी केला होता?"

"मीच."

तो हसला, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "अण्णा बोलले त्याचं मला काही नाही. ते बोलणारच. पण तू सही करताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस, मृणू. मी वर्षभर तेच आठवतोय. रंग ढवळताना आठवतो, जेवताना आठवतो. मला वाटलं, हिला तरी ठाऊक असेल मी कसा आहे ते."

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "म्हणूनच भीती वाटली. आपल्या माणसाची बाजू घेतली असं होईल म्हणून. चुकलं माझं. फार चुकलं."

"हां," तो म्हणाला. माफ केलं असं म्हणाला नाही, आणि तिनेही ते मागितलं नाही. आक्कांचं म्हणणं तिने त्याला सांगितलं. सनद, पन्नास घरं, सतरा दिवस. त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"मला विचारू नकोस," तो म्हणाला. "मी 'थांब' म्हटलं तर तू सुटलीस आणि 'सांग' म्हटलं तर नदी बुडवली म्हणून पुन्हा माझंच नाव. तुझं तू ठरव." मग उठता उठता त्याने विचारलं, "सभा कधी आहे?"

"रविवारी. अकराला."

"बरं," म्हणून तो आत गेला.

रविवारी कुरवळीच्या मंगल कार्यालयात सभा भरली. एकूण आकडा सांगायची वेळ आली तेव्हा मृणाल उभी राहिली आणि म्हणाली, "आज आधी माझं वाचते." सभेत थोडी चुळबुळ झाली, कारण मोहरदाराचं वाचण्यासारखं काही असायचं नाही.

"मागच्या वर्षी बोटुकली मेली ती डोहातल्या जुन्या गाळाने. गाळ काढायचा सल्ला माझा होता. त्या गाळात साठही डाईंगांची घाण आहे. मोहर फक्त एकशे सतराने लावून घेतली होती, म्हणून नाव फक्त त्यांचं आलं. दुसरं वाचन मी केलं नाही. केलं असतं तर हे त्याच दिवशी कळलं असतं." तिने आक्कांकडे बघितलं. आक्कांचा चेहरा उतरला होता. पण पद्धत ती पद्धत.

"मान्य?" आक्कांनी विचारलं.

"मान्य," मृणाल म्हणाली.

"मग दाखला?" टेकेअण्णा बसल्या जागेवरून ओरडले.

"आहे तसा दाखला माझ्या सहीने जाणार नाही."

मग जो गलका झाला तो सांगण्यात अर्थ नाही. पाच वर्षं पाण्यात गेली, हिला आजच सुचलं का, भावापायी खोरं बुडवलं, असं ज्याला जे येईल ते तो बोलला. आक्कांनी टेबलावर थापा मारून सगळ्यांना गप्प केलं.

"मृणाल, मार्ग हाय का काही?"

"एक आहे," मृणाल म्हणाली. "चाचणीच्या वर्षी कुणी किती हौद पाणी सोडलं ते डाईंगवाल्यांनी सांगायचं. तेवढं मिळालं तर त्या गाळाचे वाटे मी नव्याने काढू शकते. मग दाखला खरा होईल आणि वेळेत जाईल. पण त्या पाण्यावर मोहर नव्हती. कोण खरं बोलतंय ते यंत्र सांगू शकणार नाही. ज्याने त्याने आपलं सांगायचं आणि बाकीच्यांनी ते धरून चालायचं."

पाच वर्षांत या माणसांनी एकमेकांच्या शब्दावर काहीही ठरवलं नव्हतं. तशी गरजच पडली नव्हती, यंत्र होतं. आता जो पहिला बोलेल त्याचा आकडा कागदावर चढणार, आणि जो गप्प बसेल त्याला कुणी धरू शकणार नाही, हे प्रत्येकाला समजत होतं. एकोणसाठ डाईंगवाले आपापल्या गुडघ्यांकडे बघत बसले. भावाचं नाव जे काही धुऊन निघायचं ते आज इथेच, या माणसांच्या बोलण्याने. यंत्राच्या हाती आता काही नव्हतं.

मागच्या दारापाशी खुर्ची सरकली.

"मी आता सभासद नाही," सुजित म्हणाला. "बोललो तर चालेल का?"

कधी येऊन बसला होता कुणास ठाऊक. हातावरचा निळा रंग तसाच होता. आक्का म्हणाल्या, "बोल रे बाबा."

"मुसळे डाईंग. चाचणीचं वर्ष. रोज चार हौद, आठवड्याचे सहा दिवस, बारा महिने. शुद्धीकरणाची टाकी तेव्हा नव्हती. क्रोमचा रंग वापरत होतो आणि होतं तसं नदीत सोडत होतो. मोहर लावली म्हणून तुम्हाला ते सापडलं. नसती लावली तरी मी तेवढंच सोडलं असतं."

आक्कांनी पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "मान्य?"

"मान्य," सुजित म्हणाला आणि खाली बसला.

मृणाल त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पेन घेऊन कागदावर चारचा आकडा लिहिला.

कुणी उठेना. मग दुसऱ्या रांगेत टेकेअण्णा चष्मा शोधायला लागले. सदऱ्याचा खिसा, जाकिटाचा खिसा, मग मांडीवरची पिशवी. त्यांच्यापुढे वाचायला कागद नव्हताच, तरी ते शोधत राहिले आणि सगळी सभा त्यांच्याकडे बघत राहिली. शेवटी शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टेकून ते चष्म्याशिवायच उभे राहिले.

"टेके डाईंग," ते म्हणाले. "रोज अकरा."